तानीची मूठ आणि शेठचं पोट

तानीला घोड्यातलं काही कळत नाही, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तानीला.

बाकी जनावरांचं म्हणाल तर तिच्याएवढं कोणाला कळत नव्हतं. सूर्यमाळच्या त्या पाड्यावर कोणाची शेळी अडली, बैलाचा खांदा सुजला, कोंबडी पंख टाकून बसली, की माणूस आधी तानीच्या दारात. पाड्यावरची अर्धी माणसं तिच्या हातात जन्मली आणि सगळीच्या सगळी तिच्या शिव्या खाऊन वाढली. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत जायच्या वयात ती शेळ्यांच्या मागं रानात गेली, शेळ्या संध्याकाळी परत आल्या, तानी काही शाळेत परत आली नाही. पण फुगलेल्या बैलाच्या पोटावर नुसती टिचकी मारून ती सांगायची, वाचंल का जाईल. तिचं सांगणं सहसा चुकत नसे. चुकलं तर बैलाचंच काहीतरी चुकलं, असं ती म्हणे.

मग गोरखनं घोडा आणला.

गोरख हा तानीच्या लांबच्या भावाचा पोरगा. दहा वर्षं ठाण्याला एका वरातवाल्याकडं घोड्या धूत होता. गेल्या दिवाळीनंतर तो टेम्पो घेऊन पाड्यावर आला, आणि टेम्पोत हा घोडा. तीन वर्षांचा, तांबडा, कपाळावर पांढरा टिक्का. गोरखनं त्याचं नाव ठेवलं होतं बादल. पण घोडा टेम्पोतून मान वर करून पाड्याकडं असा बघत होता, की म्हातारा लहान्या म्हणाला, “जमीन बघाय शेठ आला वाटते.” झालं. बादल टेम्पोतच राहिला, शेठ तेवढा खाली उतरला.

तानी तीन दिवस शेठच्या समोर बसून होती. चौथ्या दिवशी गोरखला बाजूला घेतलं.

“तुला फसवला. घोडा आजारी हाय.”

“काय झाला त्याला?”

“खातो, उभा राहतो, माशा हाकलतो. पण रवंथ करत नाय. जे जनावर रवंथ करत नाय, त्याचा काय खरा नाय.”

गोरखला घाम फुटला. घोड्या धुतल्या होत्या त्यानं, पण त्या खाल्ल्यावर काय करतात ते कधी बघितलं नव्हतं. पाड्यावर फोनला रेंज मिळते ती टेकाडावरच्या आंब्याखाली. तिथं जाऊन त्यानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि चूक केली ती ही, की आवाज मोठा ठेवला. मागं पंधरा माणसं उभी होती. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, आणि हसतच म्हणाल्या, “अहो, घोडा रवंथ करतच नाही. जन्मात कधी करत नाही!”

त्या दिवसापासून पाड्यावर कोणी जेवून नुसतं बसलं की दुसरा म्हणायचा, “तानीला हाक मारा रं, हा रवंथ करत नाय.”

तानी हरली नाही. “एकदा गिळून भागते म्हणजे जनावर नाय, ती गिरणी हाय,” असं म्हणून ती शेठला येता-जाता नावं ठेवायला लागली. “खायला काळ नि भुईला भार. ना दूध, ना नांगर. मशेरी लावत असल्यासारखा नुसता उभा.”

हे झालं चार लोकांत. एकट्यात वेगळंच होतं.

चैतात मोहाची फुलं गळायला लागली, तशी तानी पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायची आणि उजाडता-उजाडता गोरखच्या दारावरून परत यायची. एक दिवस शेठनं मान लांब करून टोपलीत तोंड घातलं. तानीनं त्याच्या नाकावर चापट मारली, इकडं-तिकडं बघितलं, आणि मूठभर फुलं तळहातावर धरली. शेठनं ती ओठांनी एकेक करून उचलली. ऊन-ऊन श्वास तिच्या मनगटापर्यंत आला. तानीच्या हातातून इतक्या हळू कोणी कधी काही घेतलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. त्या दिवसापासून रोज मूठभर. रोज आधी शिवी, मग मूठ.

आता मोहाच्या फुलांचं असं आहे, की ती तोडायची नसतात, रात्रभर गळतात नि पहाटे वेचायची असतात. उशीर केला तर गुरं खातात. म्हणून पहाटेची घाई. त्या दिवशी त्या घाईत तानी अंगणाची काटेरी झापडी लावायची विसरली. आणि अंगणात तीन दिवसांची फुलं वाळत पडली होती.

ती परत आली तर अंगण चाटून पुसून लख्ख. सारवलेल्या भुईवर ओल्या ओठांचे ठसे आणि वाटीएवढे गोल खूर. तानी धावत गोरखच्या दाराकडं गेली. शेठ आपल्या जागेवर उभा होता, गळ्यात दावं, दाव्याला उपटलेली खुंटी, आणि चेहरा असा की आत्ताच देवळातून आलो.

तानीला आधी हसू आलं. मग तिनं इकडं-तिकडं बघितलं, खुंटी दगडानं परत ठोकली, घरी येऊन झाडू घेतला आणि अंगणातले खूर झाडून टाकले. खुंटी ठोकायचं नि खूर झाडायचं काय कारण होतं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चोर घोडा होता. पण त्या चोराला वाट दाखवली कोणी?

ऊन वर आलं तशी ती सहज म्हणून परत गेली. शेठच्या मागं रोज सकाळी लिदीचा ढीग असायचा. आज जागा कोरडी. शेठ पुढच्या पायानं भुई उकरत होता आणि मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघत होता, आत कोणी हाक मारल्यासारखा.

“गोरख्या, घोड्याचा काय तरी बिघडला.”

गोरख लगाम पुसत होता. चार दिवसांनी साखरशेतला लग्न होतं. शेठची पहिली वरात. आपल्याकडं नवरा चालतच जायचा, पण हल्ली फोनमधी बघून बघून पोरांना घोडा लागतो. त्या एका वरातीवर गोरखचं सगळं बसलं होतं. ती नीट झाली असती तर जव्हारपासून मोखाड्यापर्यंतची लग्नं त्याच्याकडं आली असती.

“रवंथ का, आते?” तो मान वर न करता म्हणाला.

“रवंथ गेला चुलीत. पोटाकडं बघतो तो.”

“पोट त्याचा, बघू दे त्याला.”

इतक्यात शेठ खाली बसला आणि पाठीवर लोळला. गोरख उलट खूश झाला. “बघ, खुशीत हाय. घोडा खुशीत असला की लोळतो.”

शेठ उठला, परत बसला, परत लोळला. उठला तेव्हा त्याची मान घामानं काळी पडली होती, आणि वरचा ओठ दातांवरून मागं गेला होता. खुशीत घाम येत नाही, एवढं तर गोरखलाही कळलं. त्याच्या हातातला लगाम खाली पडला.

“ह्यानं माझी मोहाची फुला खाल्ली,” तानी म्हणाली. “अंगणभर.”

“कवा?”

“पहाटं.”

“नि आता सांगतेस?”

“आता तरी सांगते ना! जा, आंब्याखाली पळ.”

डॉक्टरीणबाई मोखाड्याला लसी टोचत होत्या. त्यांनी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. तोंडातून काही पाजू नका, लोळू देऊ नका, मी येईपर्यंत सावकाश चालवत राहा. गोरख टेकाडावरून पळत आला तेव्हा तानी शेठसमोर उभी होती, हातात तेल-हिंगाची बाटली.

“नाय म्हणाल्या बाई! तोंडातून कायच नाय! घोड्याच्या फुप्फुसात जाते.”

“बैलाच्या कधी गेला नाय.”

“आते, तो बैल नाय!”

हे वाक्य त्याला ह्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच म्हणता आलं. तानीनं बाटली पदरात बांधली.

मग दोघं शेठला चालवायला लागले. गोरख पुढं दावं धरून, तानी मागं निरगुडीची फांदी घेऊन. पाड्याला फेरी, आंब्याला फेरी, परत पाड्याला फेरी. शेठ गुडघे मोडायला लागला की तानी मागून ओरडायची, “उठ मुडद्या! फुकटचा खाल्लास, आता चालून जिरव!” लहान्या दारात बसून बघत होता. म्हणाला, “वरात चांगली निघाली. नवरा कुठाय?”

“नवरी मी हाय,” तानी म्हणाली. “तू येतोस का नवरा?”

लहान्या आत गेला.

चौथ्या का पाचव्या फेरीला गोरख हळूच म्हणाला, “आते, हा गेला तं मी परत ठाण्याला. दुसऱ्याच्या घोड्या धुवाय.”

तानीनं नुसती फांदी हलवली. पदरातल्या बाटलीकडं तिचा हात सारखा जात होता. पन्नास वर्षं हात जे करत आला, ते करू नको म्हणून त्याला सांगणं सोपं नसतं. शेवटी आंब्याखाली शेठ जरा उभा राहिला, तेव्हा तिनं पदरातली बाटली सोडली आणि सगळं तेल स्वतःच्या गुडघ्यांना चोळून टाकलं. “कोणाच्या तरी उपेगाला येऊ दे,” म्हणाली.

दुपार कलती झाली तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. नाव रविना. काडीएवढी पोरगी. तानीनं तिच्याकडं बघून गोरखला कोपर मारलं, “ही घोडा धरंल का घोडा हिला धरंल?” पण रविनाबाईंनी खांद्यापर्यंत लांब हातमोजा घातला आणि मागून पूर्ण हात शेठच्या पोटात घालून, डोळे मिटून, आत चाचपायला लागल्या, तेव्हा तानी दोन पावलं पुढं सरकली.

“आता कळला,” ती म्हणाली. “ही सुईण हाय.”

मग बाईंनी सुई टोचली, लांब नळी काढली आणि ती शेठच्या नाकपुडीतून आत सरकवायला लागल्या. अख्खा पाडा जमला होता, त्याच्या तोंडून “आँ!” निघालं. त्या नळीतून तेल गेलं.

“तोंड हाय एवढा ढोलीसारखा, नि पाजते नाकातून,” तानी कुजबुजली. पण मानेनं होकार देत होती.

नळी काढून रविनाबाई घाम पुसत म्हणाल्या, “आता लीद पडली पाहिजे. पण मला पोटापेक्षा भीती पायांची आहे. एवढं गोड पोटात आंबलं की त्याची आग खुरांत उतरते. खूर आतून सुटला, तर घोडा उभा राहू शकत नाही. आणि उभा राहिला नाही, तर संपलं. तीन दिवस चारी खूर गार पाण्यात ठेवायचे.”

 सूर्यमाळला चैतात पाणी! विहिरीच्या तळाशी उतरून बाया वाटीनं झरा भरून घेत होत्या. टँकर येतो म्हणतात, आणि कधीकधी येतोसुद्धा. शेजारची सोनी, कडेवर पोर घेतलेली, सरळ म्हणाली, “आमच्या पायाला पाणी नाय मॅडम, घोड्याच्या पायाला कुठला?”

तिचं काही चूक नव्हतं. गोरख खाली बघायला लागला.

“बरं, आधी मला सांगा,” बाईंनी वही काढली. “घोडा काय-काय खातो? रोजचं.”

“वाळला गवत, नि डब्यानं मापून भुसा नि हरभरा,” गोरख म्हणाला. “मापून, मॅडम. एक दाणा जास्त नाय.”

“आणि हे मोहाचं? एकदम एवढी फुलं पहिल्यांदाच खाल्ली, का आधीपासून चटक होती? खरं सांगा, औषध त्यावर ठरतं.”

तानीनं पाड्याकडं बघितलं. रवंथाचं हसं अजून ताजं होतं. हे सांगितलं तर पुढची दहा वर्षं पुरेल एवढं हसू ती पाड्याला फुकट देणार होती. आणि हसू तरी बरं, गोरख काय म्हणेल? मग तिनं शेठकडं बघितलं. तो मान खाली घालून उभा होता आणि आज पहिल्यांदा तिच्या हाताकडं बघत नव्हता.

“मी चारायची,” ती म्हणाली. “रोज मूठभर. पंधरा दिवस झाले.” आणि मूठ उघडून दाखवली, जसं काही पुरावा अजून आतच होता.

कोणी हसलं नाही. गोरखनं तिच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. गोरखची म्हातारी आई. तिचं नाव काळी. “मी आपला गूळ द्यायची. लहानसा खडा.”

“आये!”

“तू भुसा देतोस त्याला रोज. भुसा कोण खाईल?”

लहान्या दारातून म्हणाला, “नागलीची भाकर. अर्धी. तो मागायचा म्हणून.”

“मागायचा? कसा मागायचा?”

“बघायचा.”

शेवटी सगळ्यांच्या माना सोनीकडं वळल्या. ती पोराला ह्या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, “माझा पोरगा वेफर द्यायचा. मी नाय.” मग जरा थांबून, “मी फक्त पेज.”

गोरख मटकन खाली बसला. “मी डब्यानं मापतो! मापून देतो!”

रविनाबाईंच्या वहीची पानं संपत आली होती. “हा घोडा नाही,” त्या म्हणाल्या, “हा पाड्याचा जावई आहे.”

आता तानीच्या अंगात आलं. कबुली एकटीची होती तोवर ती वाकली होती, चौघांची झाल्यावर ताठ झाली. “ऐका गं,” ती ओरडली. “ज्यानं चारला त्यानं भरायचा. एकेक हंडा. आजचा, उद्याचा, परवाचा. पहिला माझा.” आणि खरंच, स्वतःच्या घरातला भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती आली.

गोरखनं शेठच्या पुढ्यात लांबट खड्डा खणला, भात झोडायची ताडपत्री त्यात अंथरली. एकदा भरलेलं पाणी तिथंच राहील, जिरणार नाही. सोनी बडबडत आली, पण हंडा घेऊन आली. काळी आली, लहान्या आला. आणि मग गंमत झाली. ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, अशा घरांतल्या बायाही एकेक हंडा घेऊन, कोणाकडं न बघता, खड्ड्यात रिकामा करून जायला लागल्या. कबुली चौघांची, हंडे अकरा. गोरख एकेक हंडा बोटांवर मोजत होता.

ऊन उतरायच्या आत लहान्याची आरोळी आली, “टाकली! शेठनं टाकली!” बारशाला धावावं तसा पाडा धावला. तानीनं काडीनं ती लीद उकलून बघितली, त्यात मोहाची अर्धवट पचलेली फुलं दिसली. “माझीच हायत,” ती समाधानानं म्हणाली. रविनाबाई निघून गेल्या होत्या, त्यांना फोन करायला गोरख टेकाडावर पळाला, आणि ह्या वेळी मोठ्या आवाजाची त्याला लाज वाटली नाही. “पडली मॅडम! भरपूर पडली!” सगळ्या खोऱ्यानं ऐकलं.

पण दुसरा दिवस वाईट गेला. पोट मऊ झालं होतं, शेठ थोडं गवत चघळत होता, पण पुढचे खूर हाताला तव्यासारखे लागत होते. तो एक पाय उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा, आणि अंगाचं ओझं मागच्या पायांवर टाकून अवघडून उभा राहायचा. खड्ड्यातलं पाणी उन्हानं कोमट झालं. गोरख खोडाळ्याला पळाला आणि मासळीवालीकडून उरलेला बर्फ खोक्यात घालून घेऊन आला. तो बर्फ खड्ड्यात ओतला, तर त्यातून दोन बांगडे निघाले. पाड्यावरची तीन मांजरं येऊन काठावर बसली ती तीन दिवस हलली नाहीत.

त्या दिवशी तानीनं कोणाला एक शिवी दिली नाही. पाणी ओढलं, गोणपाट ओलं करून शेठच्या पायांना गुंडाळलं, माळावरचं वारं लागून ते गार होत गेलं, वाळलं की पुन्हा भिजवलं. लोक शेठपेक्षा तिच्याकडं बघून जास्त घाबरले. सोनी तर म्हणाली, “आते, मला तरी शिवी दे गं. बरा वाटंल.”

“गप बस,” तानी म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

तिसऱ्या दिवशी कलत्या उन्हात गोरख खुरावर हात ठेवून बसला होता. एकदम म्हणाला, “आते, इकडं ये. हात लाव.” तानीनं लावला. एका खुराला, मग दुसऱ्या, मग परत पहिल्याला. जनावरांचं नुसत्या हातानं ओळखणारी ती, पण ह्या वेळी तिला आपल्या हाताचा भरवसा वाटेना. तिनं कपाळ टेकवलं. खूर गार होता.

तेवढ्यात शेठनं मान खाली घातली आणि तिचा पदर चघळायला घेतला.

“सोड मुडद्या!” तानी ओरडली. “नवा हाय!”

सोनीनं घरातूनच हात जोडले. “आली गं बाय, आली शिवी!”

चौथ्या दिवशी रविनाबाईंनी खूर ठोकून बघितले, मऊ मातीवरून चालवून बघितलं, आणि म्हणाल्या, वाचला. पण दोन महिने पाठीवर कोणी बसायचं नाही, गवताशिवाय काही खायचं नाही. साखरशेतचा नवरा चालत गेला. त्याच्या बापानं गोरखला निरोप पाठवला, धाकट्या पोराचं लग्न पुढच्या साली आहे, तेव्हा घोडा आण, उपाशी आण. खड्ड्यातलं पाणी सोनीनं आपल्या भोपळ्याच्या वेलाला घातलं. भोपळे चांगले आले, पण शिजताना बांगड्याचा वास येतो असं लहान्या म्हणतो. आणि दोन वाट्या खातो.

गोरखनं खुंटीजवळ पाटी लावली, रंगानं लिहून: ह्याला कोणी काही चारू नये. तानी पाटीसमोर उभी राहून एकेक अक्षर लावत होती.

“काय लिवला?”

“तुला येते की दुसरीपर्यंतचा.”

“हा तिसरीतला दिसते,” तानी म्हणाली.

म्हणून गोरखनं पाटीवर भरवसा ठेवला नाही. मोहाचा हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी ती टोपली घेऊन दारावरून जायला लागली की तो आडवा यायचा.

“आते, मूठ.”

तानी उजवी मूठ उघडायची. हिरवं गवत.

“दुसरी.”

डावी उघडायची. गवत.

“तोंड.”

तोंड मात्र भरलेलं असायचं. ती शेठच्या समोर उभी राहून मोहाची फुलं सावकाश चघळायची, आणि शेठ ओठ लांब करून तिच्या गालाचा वास घेत राहायचा.

“हा छळ हाय, आते.”

“छळ कसला?” तानी तोंडातलं सांभाळत म्हणायची. “रवंथ कसा करतात, ते त्याला शिकवते.”